बेसबॉलचे पिचर आणि बारा राशी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमध्ये खेळाडूची जन्मतारीख ही त्याच्या उंची-वजनाइतकीच उघड बाब असते. एकोणिसाव्या शतकातील बहुतेक नामवंत खेळाडूंच्याही तारखा नोंदलेल्या आहेत. त्यामुळे पिचरांची राशीनुसार विभागणी करणे हा तिथल्या चाहत्यांचा जुना विरंगुळा आहे. मराठी वाचकाला मात्र या खेळात पहिल्याच पावलाला अडखळायला होते, कारण ‘रास’ हा शब्द आपण आणि अमेरिकन माणूस एकाच अर्थाने वापरत नाही. पुढील उत्तरे त्या अडखळण्यापासूनच सुरू होतात.

पिचर म्हणजे कोण, आणि विभागणीसाठी तोच का निवडायचा?

क्रिकेटमधील गोलंदाजाच्या जागी बेसबॉलमध्ये पिचर असतो. तो थोड्याशा उंचवट्यावर उभा राहून, ६० फूट ६ इंच अंतरावरील होम प्लेटच्या (फलंदाज ज्या पाटीशेजारी उभा राहतो तिच्या) दिशेने, टप्पा न पाडता चेंडू फेकतो. कोपर सरळ ठेवण्याचे बंधन त्याच्यावर नसते. सामन्यातील विजय किंवा पराभव थेट एका पिचरच्या नावावर लिहिला जातो आणि अशी सोय मैदानावरील दुसऱ्या कोणत्याही खेळाडूच्या वाट्याला येत नाही. स्वभाव आणि कामगिरी यांचा संबंध जोडू पाहणाऱ्याला पिचर म्हणूनच सोयीचा वाटतो. तो एकटा उभा असतो, साऱ्यांच्या नजरा त्याच्यावर असतात, आणि त्याचा हिशेब आकड्यांत मिळतो.

कोणती रास धरायची: पाश्चात्त्य की आपली?

अमेरिकेत रास म्हणजे सायन सूर्यरास. जन्माच्या दिवशी सूर्य वसंतसंपातापासून (मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात तेव्हाच्या सूर्याच्या जागेपासून) मोजलेल्या बारा समान भागांपैकी ज्या भागात असेल, ती त्या माणसाची रास. मेषेचा आरंभ २१ मार्चच्या सुमारास होतो आणि पुढे साधारण महिन्याला एक रास बदलते. यासाठी जन्मवेळ लागत नाही, जन्मगाव लागत नाही, केवळ तारीख पुरते. वृत्तपत्रांतील सोप्या भविष्यासाठी आणि खेळाडूंच्या याद्यांसाठी ही पद्धत सोयीची ठरली, यात नवल नाही.

आपल्याकडे ‘तुमची रास कोणती?’ असे विचारल्यावर जे उत्तर येते ती चंद्ररास असते, आणि तीही निरयन पद्धतीची. चंद्र एका राशीत सुमारे सव्वादोन दिवस राहतो. त्यामुळे ज्या दिवशी तो रास ओलांडतो त्या दिवशी जन्मलेल्याची रास जन्मवेळेशिवाय सांगताच येत नाही. साय यंगसारख्या १८६७ साली ओहायोतील शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या मुलाची पत्रिका कोणी मांडून ठेवलेली नव्हती. म्हणून पिचरांच्या बाबतीत चंद्ररास व्यवहारात सोडूनच द्यावी लागते.

उरतो सूर्य. पण सूर्यरासही सायन आणि निरयन पद्धतींत वेगळी येते, कारण निरयन गणना ताऱ्यांच्या संदर्भाने होते आणि संपातबिंदू दर ७२ वर्षांनी सुमारे एक अंश मागे सरकतो. आज हा फरक, म्हणजे अयनांश, सुमारे २४ अंशांचा आहे. हे समजण्यासाठी खगोलशास्त्राचे पुस्तक उघडण्याची गरज नाही. आपण तिळगूळ वाटतो ती मकरसंक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते. त्या दिवशी पंचांगानुसार सूर्य मकरेत जातो. पाश्चात्त्य कोष्टकानुसार मात्र तो २२ डिसेंबरच्या आसपासच मकरेत पोहोचलेला असतो. त्यामुळे ३० डिसेंबर १९३५ रोजी जन्मलेला, लॉस एंजेलिस डॉजर्सचा विख्यात डावखुरा पिचर सँडी कोफॅक्स हा अमेरिकेत मकर राशीचा ठरतो, तर पंचांग पाहणाऱ्या माणसासाठी त्याचा सूर्य धनू राशीत असतो.

खाली जिथे वेगळे सांगितलेले नाही, तिथे पाश्चात्त्य सायन सूर्यरास धरली आहे, कारण हा खेळ मूळचा त्याच पद्धतीने मांडला जातो.

सर्वांत यशस्वी पिचर कोणत्या राशीचे आहेत?

हे ‘यशस्वी’ म्हणजे काय यावर अवलंबून आहे. पिचरांच्या मोठेपणाची जुनी कसोटी म्हणजे कारकिर्दीत ३०० विजय. मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलच्या, संपूर्ण इतिहासात ही पायरी केवळ २४ जणांनी गाठली आहे. यादी छोटी आहे, वादातीत आहे आणि सर्वांच्या जन्मतारखा ठाऊक आहेत, म्हणून ती पूर्णच मोजून पाहू.

मेषेत पाच जण येतात: ५११ विजयांचा विक्रम असलेला साय यंग (२९ मार्च), ग्रेग मॅडक्स (१४ एप्रिल), डॉन सटन (२ एप्रिल), फिल नीक्रो (१ एप्रिल) आणि टॉम ग्लॅविन (२५ मार्च). कन्येत चार: किड निकोल्स, एडी प्लँक, गेलॉर्ड पेरी आणि सहा फूट दहा इंच उंचीचा रँडी जॉन्सन. मकरेतही चार: पड गॅल्विन, टिम कीफ, स्टीव्ह कार्लटन आणि अर्ली विन, ज्यांपैकी गॅल्विनचा जन्म नाताळच्या दिवशीचा आणि कीफचा १ जानेवारीचा. कर्केत जॉन क्लार्कसन व मिकी वेल्च, सिंहेत क्रिस्टी मॅथ्यूसन व रॉजर क्लेमेन्स, वृश्चिकेत वॉल्टर जॉन्सन व टॉम सीव्हर, मीनेत ग्रोव्हर क्लीव्हलंड अलेक्झांडर व लेफ्टी ग्रोव्ह अशा जोड्या आहेत. वृषभेत वॉरन स्पान, धनूमध्ये चार्ल्स रॅडबर्न आणि कुंभेत नोलन रायन हे एकेकटे आहेत. मिथुन आणि तूळ या राशी रिकाम्या आहेत.

पाच जण मेषेचे आहेत, तर मेष ही पिचरांची रास म्हणायची का?

तसे म्हणण्याचा मोह होतो. मेष ही अग्नितत्त्वाची, मंगळाची रास असल्याने गोष्ट आपोआप जुळूनही येते. पण आधी साधा हिशेब करावा. चोवीस माणसे बारा राशींत डोळे मिटून टाकली, तर प्रत्येक राशीच्या वाट्याला सरासरी दोन येतील. प्रत्यक्षात मात्र ती कधीच दोन-दोन अशी नीट बसणार नाहीत. अशी चिठ्ठीची वाटणी शंभर वेळा केली, तर सुमारे चाळीस वेळा कोणत्या ना कोणत्या राशीत पाच किंवा त्याहून अधिक माणसे जमतात. एकही माणूस न आलेल्या राशींची संख्या सरासरी दीडच्या आसपास असते. म्हणजे पाच जणांची मेष आणि रिकाम्या असलेल्या दोन राशी, यांपैकी काहीही आश्चर्याचे नाही.

येथे एक सूक्ष्म गल्लत नेहमी होते. मोजणीच्या आधीच कोणी ‘मेषेचे पाच निघतील’ असे लिहून ठेवले असते, तर ते भाकीत खरोखर विचारात घेण्याजोगे ठरले असते. मोजणीनंतर जी रास वर आली तिच्याभोवती कथा रचणे हे वेगळे काम आहे. कन्या वर आली असती, तर अचूकपणाची कथा सांगितली गेली असती. मकर आली असती, तर चिकाटीची.

निदान स्वभाव तरी जुळतो का? मेषेचे पिचर आक्रमक असतात का?

मेषेचे हे पाच जण शेजारी उभे करून पाहिले तर चित्र मजेदार दिसते. साय यंग तरुणपणी वेगवान होता. त्याचे ‘साय’ हे नावच ‘सायक्लोन’चे लघुरूप मानले जाते. फिल नीक्रोची ओळख मात्र नकलबॉल ही होती. हा चेंडू जवळजवळ न फिरता, संथपणे, हवेत डुलत जातो, आणि त्याच्याच बळावर नीक्रो अठ्ठेचाळीस वर्षांचा होईपर्यंत खेळला. मॅडक्स आणि ग्लॅविन हे अटलांटा ब्रेव्हज संघातील सोबती वेगापेक्षा अचूक नेमासाठी आणि फलंदाजाला कोड्यात पाडण्यासाठी ओळखले गेले. मॅडक्सला तर ‘प्रोफेसर’ म्हणत. रागावून अंगावर धावून जाणारा मेंढा या तिघांत शोधून सापडत नाही.

उलट, फलंदाजाच्या मनात धडकी भरवणारे पिचर आठवायचे तर १९६८ च्या हंगामात दर नऊ डावांमागे दिलेल्या धावांची १.१२ इतकी अविश्वसनीय सरासरी राखणारा बॉब गिब्सन डोळ्यांसमोर येतो, आणि तो ९ नोव्हेंबरचा, म्हणजे वृश्चिकेचा आहे. पेद्रो मार्टिनेझ आणि बॉब फेलर हेही वृश्चिकेचे. यावर कोणी ‘वृश्चिकेचा डंख’ असे म्हणेल, आणि म्हणायला छानही वाटेल. पण शांत आणि सभ्यतेसाठी नावाजलेला वॉल्टर जॉन्सनही वृश्चिकेचाच आहे. आपला चेंडू लागून कोणाला इजा होईल याची त्याला धास्ती वाटत असे.

हीच यादी आपल्या पंचांगानुसार मांडली तर काय होते?

प्रस्तुत लेखकाला सर्वांत रंजक वाटलेला प्रश्न हाच. निरयन गणनेने मेषेचे जवळजवळ सगळे मानकरी मीनेत जातात. यंग, सटन, नीक्रो आणि ग्लॅविन यांच्या जन्मदिवशी सूर्य निरयन मीनेत होता. मॅडक्सचा जन्म १४ एप्रिलचा, म्हणजे नेमका मेषसंक्रमणाच्या सुमाराचा असल्याने तो सीमेवर उभा राहतो. कन्येची चौकडी सिंहेकडे सरकते, जरी निकोल्स आणि पेरी हे दोघे सिंहेच्या अगदी शेवटच्या काठाला असले तरी. मकरेचे चौघे धनूचे होतात.

म्हणजे माणसे तीच, विजय तेच, केवळ मोजपट्टी बदलली. मंगळाच्या अग्निराशीचे यश म्हणून जे सांगितले जात होते, ते आता गुरूच्या जलराशीचे यश झाले. ज्या वाचकाचा विश्वास निरयन पद्धतीवर आहे त्याने अमेरिकन नियतकालिकांतील ‘मेष पिचर’ या लेखांतील गुणवर्णन वाचताना एवढे लक्षात ठेवावे, की त्याच्या स्वतःच्या घरातील पंचांग या माणसांना मेषेचे मानत नाही.

मिथुन आणि तूळ राशीचे पिचर दुबळे असतात का?

नाही. कसोटी बदलली की या राशी भरून जातात. १५ ऑक्टोबरचा जिम पामर, २० ऑक्टोबरचा हुआन मारिचाल आणि २१ ऑक्टोबरचा व्हायटी फोर्ड हे तिघेही तूळ राशीचे असून तिघेही हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सन्मानदालनात, आहेत. त्यांचे विजय अनुक्रमे २६८, २४३ आणि २३६. मिथुन राशीचा जेकब डिग्रॉम याने २०१८ आणि २०१९ असा सलग दोन वेळा साय यंग पुरस्कार (हंगामातील सर्वोत्तम पिचरला दिला जाणारा) मिळवला.

विजयांऐवजी स्ट्राइकआउटची (तीन स्ट्राइकवर फलंदाज बाद करण्याची) यादी घेतली तर पहिले चार जण चार वेगळ्या राशींचे निघतात: ५,७१४ स्ट्राइकआउट घेणारा रायन कुंभेचा, ४,८७५ चा रँडी जॉन्सन कन्येचा, क्लेमेन्स सिंहेचा आणि कार्लटन मकरेचा. शिवाय ३०० विजयांच्या यादीतील गॅल्विन, कीफ, क्लार्कसन, रॅडबर्न व वेल्च हे पाच जण मुख्यतः १८९३ पूर्वीचे आहेत. त्या काळी पिचर आजच्यापेक्षा जवळून चेंडू टाकत असे आणि एकच पिचर हंगामातील बहुतेक सामने खेळत असे. त्यांना वेगळे काढले, तर कर्क आणि धनू याही राशी रिकाम्या होतात.

मग जन्माचा महिना आणि बेसबॉल यांचा काहीच संबंध नाही का?

आहे, आणि तो चांगलाच ठळक आहे, पण आकाशाशी नाही. अमेरिकेत जन्मलेल्या मेजर लीग खेळाडूंमध्ये ऑगस्टमध्ये जन्मलेल्यांचे प्रमाण जुलैमध्ये जन्मलेल्यांपेक्षा सुमारे निम्म्याने अधिक आढळले आहे. कारण मुलांच्या बेसबॉलमधील वयोगटाच्या नियमात आहे. तिथे अनेक दशके वय ३१ जुलै ही तारीख धरून मोजले जात असे. १ ऑगस्टला जन्मलेला मुलगा आपल्या गटात सर्वांत मोठा ठरे आणि ३१ जुलैचा सर्वांत धाकटा. नऊ-दहा वर्षांच्या वयात अकरा-बारा महिन्यांचा फरक म्हणजे उंचीत, ताकदीत आणि हाताच्या पल्ल्यात मोठा फरक. मोठा मुलगा निवडला जातो, त्याला अधिक सामने मिळतात, चांगले प्रशिक्षक मिळतात, आणि सुरुवातीची ही आघाडी पुढे वर्षानुवर्षे टिकून राहते. शाळाप्रवेशाच्या वेळी वयाच्या सीमारेषेजवळ जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत आपल्याकडेही पालक हाच विचार करतात.

राशींच्या दृष्टीने यातील गंमत अशी, की सिंह रास २३ जुलै ते २२ ऑगस्ट अशी आहे. वयोगटाची रेघ नेमकी तिच्या पोटातून जाते. गटातील सर्वांत धाकटी आणि सर्वांत मोठी मुले दोन्ही सिंहेचीच असतात. रास काही करत असती, तर ३१ जुलै आणि १ ऑगस्ट यांच्यात फरक पडायला नको होता. फरक पडतो तो तिथेच. अर्थात हा नियम समूहाचा आहे, व्यक्तीचा नाही: ४ ऑगस्टच्या क्लेमेन्सने सात वेळा साय यंग पुरस्कार मिळवला, तर २७ जुलैच्या मॅक्स शर्झरनेही तो तीन वेळा मिळवला.

पुढे २००६ पासून लिटल लीग या मुलांच्या बेसबॉलच्या संघटनेने ही तारीख ३० एप्रिल केली आणि नंतर ती ३१ ऑगस्टवर नेली. जपानमध्ये शालेय वर्ष एप्रिलपासून मोजले जात असल्याने तिथल्या व्यावसायिक खेळाडूंत एप्रिल ते जूनमधील जन्म अधिक दिसतात. रेघ हलली की ‘भाग्यवान’ रासही हलते. ५ जुलैचा, कर्क राशीचा, पिचर आणि फलंदाज अशी दोन्ही कामे करणारा शोहेई ओहतानी हा जपानी कलाला अपवाद आहे, पण तो कोणत्या बाबतीत अपवाद नाही?

दोन राशींच्या सीमेवर जन्मलेल्यांचे काय करायचे?

सूर्याचे राशिसंक्रमण दरवर्षी त्याच तारखेला आणि त्याच घटकेला होत नाही. २३ जुलै १९३६ चा डॉन ड्रायस्डेल कर्क-सिंहेच्या सीमेवर आहे. अशा वेळी त्या वर्षाची संक्रमणवेळ पाहावी. जन्मवेळ ठाऊक नसेल तर ते नाव सरळ बाजूला ठेवावे. सोयीप्रमाणे कधी या तर कधी त्या राशीत बसवणे हा हिशेबातील सर्वांत सामान्य घोटाळा आहे.

जन्मतारीखच खोटी निघाली तर?

असे घडलेले आहे. क्लीव्हलंड संघासाठी २००७ मध्ये १९ विजय मिळवणारा फाउस्तो कार्मोना हा ७ डिसेंबर १९८३ चा, म्हणजे धनू राशीचा मानला जात होता. जानेवारी २०१२ मध्ये डॉमिनिकन प्रजासत्ताकात उघड झाले, की त्याचे खरे नाव रोबेर्तो हर्नांदेझ असून जन्म ३० ऑगस्ट १९८० चा आहे. एका दिवसात तो तीन वर्षांनी मोठा झाला आणि धनूतून कन्येत गेला. त्याच्या जुन्या यशाला धनूचे गुण चिकटवणाऱ्यांनी ते परत घेतले की नाही, कोण जाणे.

क्यूबाचा ओर्लांदो हर्नांदेझ याने वय चार वर्षांनी कमी सांगितले होते, पण ११ ऑक्टोबर हा दिवस तोच ठेवल्याने त्याची तूळ अबाधित राहिली. कारकिर्दीचा आरंभ पिचर म्हणून करणारा बेब रूथ स्वतःला ७ फेब्रुवारी १८९४ चा समजत असे. १९३४ मध्ये पासपोर्टच्या निमित्ताने त्याला कळले, की दाखल्यावर ६ फेब्रुवारी १८९५ अशी नोंद आहे. वर्ष बदलले, दिवस बदलला, कुंभ रास मात्र टिकली.

राशी आणि गुण यांची शास्त्रीय चाचणी झाली आहे का?

पिचरांपुरती नव्हे, पण मूळ दाव्याची झाली आहे, आणि त्यांतील एक महाराष्ट्रातच झाली. २००८ मध्ये जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने पुण्यात ज्योतिषांना हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका ओळखण्याचे आव्हान देण्यात आले. प्रत्येकी ४० पत्रिका तपासून २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली आणि त्यांच्या यशाचे प्रमाण सुमारे ४६ टक्के निघाले. नाणे उडवून ५० टक्के मिळाले असते. तिथे पूर्ण पत्रिका हाती होत्या. पिचरांच्या खेळात केवळ सूर्यरास असते, म्हणजे माहिती त्याहूनही तुटपुंजी.

कोणी भारतीय पिचर या विभागणीत आहे का?

मेजर लीगपर्यंत नाही, पण व्यावसायिक बेसबॉलमध्ये दोघे खेळले. उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे भालाफेक करणारे दोन तरुण २००८ मधील वेगवान फेकीच्या स्पर्धेतून निवडले गेले आणि मेजर लीगमधील पिट्सबर्ग पायरेट्स संघाने त्यांच्याशी करार केला. रिंकू ८ ऑगस्टचा, म्हणून पाश्चात्त्य पद्धतीने सिंहेचा आणि आपल्या पद्धतीने सूर्य कर्केतला. दिनेश ८ मेचा, म्हणून तिकडे वृषभ आणि इकडे मेष. दोघांनीही लहानपणी बेसबॉल हातात धरलेला नव्हता, त्यामुळे वयोगटाची ती रेघही त्यांना लागू होत नाही.

मला स्वतःची यादी करायची आहे. सुरुवात कशी करू?

कसोटी आधी ठरवावी आणि कागदावर लिहावी: हॉल ऑफ फेम, साय यंग पुरस्कार, किंवा एखाद्या हंगामात किमान ठरावीक डाव टाकलेले सर्व पिचर. सायन की निरयन तेही आधीच ठरवावे. एका संघात एका वेळी साधारण तेराच पिचर असतात, त्यामुळे एखाद्या संघापुरती विभागणी ही निव्वळ करमणूक समजावी. नावे किमान काही शेकडा तरी असावीत. प्रत्येक राशीची संख्या सरसकट समान धरू नये, कारण अमेरिकेत जुलै ते सप्टेंबरमध्ये मुळातच जन्म अधिक होतात आणि सूर्य कर्केत धनूपेक्षा जवळजवळ दोन दिवस जास्त रेंगाळतो. अमेरिकन, लॅटिन अमेरिकन आणि जपानी पिचरांची मोजणी वेगवेगळी करावी. आणि यादी तयार झाल्यावर तीच नावे महिन्यांनुसार पुन्हा लावून पाहावीत. सिंहेचा फुगवटा ऑगस्टच्या पहिल्या तारखेपासून सुरू होतो की २३ जुलैपासून, हे त्यातून लगेच दिसते.